पार्ट मिळत नाही म्हणणाऱ्यांना

गेल्या अंकात रायडिंग मोवरच्या, म्हणजे बसून चालवायच्या गवतकापणी ट्रॅक्टरच्या, दुरुस्तीवर जो लेख आला, त्याची भाषा खुसखुशीत आहे आणि निष्कर्ष साफ चुकीचा. लेखकांचं म्हणणं थोडक्यात असं: हे ट्रॅक्टर सात-आठ वर्षांत निकालात निघतात. त्यांचे सुटे भाग मिळत नाहीत, मिळाले तर बसत नाहीत. नंबरांचा घोळ कंपन्यांनी मुद्दाम घालून ठेवला आहे, आणि जिचं नाव यंत्रावर आहे ती कंपनी बऱ्याचदा बुडालेली असते. तेव्हा पट्टा तुटला की शहाण्यानं नवं यंत्र आणावं. जुन्यात अगदीच जीव अडकला असेल तर तुटलेला भाग हातात घेऊन दुकानात जावं आणि त्याच्यासारखा दिसेल तो उचलावा.

यातलं एखादंच वाक्य अर्धं खरं आहे. एरवी मी गप्प बसलो असतो. पण हा लेख वाचणाऱ्यांत ओहायो, मिशिगन, न्यू जर्सीच्या उपनगरांत नुकतंच घर घेतलेली बरीच मंडळी आहेत. भारतात त्यांनी लॉन पाहिलं ते सार्वजनिक बागेत किंवा कुणाच्या बंगल्यात, तेही माळ्यानं राखलेलं. इथं अर्ध्या एकराचं गवत मे महिन्यात दर आठवड्याला कापावं लागतं, आणि नाही कापलं तर शेजारी आधी बघतो आणि मग गावाच्या कचेरीचं पत्र येतं. अशा माणसाला ‘पार्ट मिळत नाही’ हे वाक्य दोन हजार डॉलरच्या वर महाग पडतं. म्हणून हा प्रतिवाद.

सुरुवात लेखकांच्या मुख्य तक्रारीपासून करू. त्यांनी दुकानात जाऊन सांगितलं, ‘क्राफ्ट्समन एलटी 1000’. काउंटरवरचा माणूस म्हणाला, मॉडेल नंबर सांगा. लेखक म्हणाले, हाच मॉडेल नंबर. तो हसला, हे रागावले, आणि त्या रागातून अख्खा लेख उतरला. आता त्या माणसाचं हसणं असभ्य होतं हे मान्य. पण तो चुकला नव्हता. एलटी 1000 हा मॉडेल नंबर नाही. बॉनेटवर चिकटवलेलं ते विक्रीचं नाव आहे, आणि त्या एका नावाखाली कितीतरी वेगवेगळी मॉडेलं विकली गेली. कुणात ब्रिग्ज अँड स्ट्रॅटनचं इंजिन, कुणात कोहलरचं. कुणाला हातानं बदलायचे गिअर, कुणाला हायड्रोस्टॅटिक. या सगळ्यांचे सुटे भाग एकच असतील असं धरून चालायचं आणि नाही निघाले की कंपनीला शिव्या द्यायच्या, हा कुठला न्याय?

खरा नंबर सीटखाली असतो. सीट पुढे कलंडायची. मागच्या मडगार्डच्या पत्र्यावर किंवा चौकटीवर एक पट्टी चिकटवलेली किंवा रिव्हेट केलेली सापडते. जुन्या क्राफ्ट्समनवर तिथं तीन आकडे, मग टिंब, मग आणखी आकडे असतात, आणि ते टिंबाआधीचे तीन आकडेच सगळी हकिकत सांगतात. सिअर्स ही दुकानांची साखळी होती. क्राफ्ट्समन हे तिचं घरचं नाव. तिनं स्वतः ट्रॅक्टर बनवला नाही, दुसऱ्यांकडून बनवून घेतला, आणि कुणाकडून घेतला ते त्या तीन आकड्यांत नोंदवून ठेवलं. 917 म्हणजे आधी रोपर, मग तेच खातं इलेक्ट्रोलक्सकडे गेल्यावर अमेरिकन यार्ड प्रॉडक्ट्स, आणि पुढे हुस्कवार्ना. 247 म्हणजे ओहायोच्या व्हॅली सिटीतली एमटीडी. 502 म्हणजे टेनेसीची मरे. 944 दिसलं तर ते हुस्कवार्नानं कॅनडातल्या सिअर्ससाठी बनवलेलं. याला कुणी लपवाछपवी म्हणणार असेल तर म्हणो. मला तरी विकणाऱ्यानं बनवणाऱ्याचं नाव यंत्रावरच कोरून द्यावं इतका प्रामाणिकपणा बाजारात फारसा आढळलेला नाही.

इथं एक खाचखळगा आहे आणि त्यात पुष्कळ जण पडतात. यंत्रावर 143 नं सुरू होणारा नंबरही सापडू शकतो. तो ट्रॅक्टरचा नाही, इंजिनाचा. सिअर्ससाठी टेकमसेनं बनवलेल्या इंजिनांना तो असे. बॉनेट उघडल्यावर समोर इंजिनच दिसतं, म्हणून माणूस तोच टिपून घेतो आणि त्या नंबरावर डेकचा, म्हणजे पाती ज्यात फिरतात त्या खालच्या खोक्याचा, पट्टा शोधत बसतो. मग अर्थातच पट्टा मिळत नाही.

‘कंपनी बुडाली’ हा लेखकांचा दुसरा दगड. सिअर्सनं ऑक्टोबर 2018 मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला, हे बरोबर. पण वर सांगितलं तेच पुन्हा: सिअर्स तो ट्रॅक्टर बनवतच नव्हती. मिठाईवाल्यानं दुकान बंद केलं म्हणून गावातलं दूध आटत नाही. क्राफ्ट्समन हे नावसुद्धा त्याआधीच, 2017 मध्ये, स्टॅन्ली ब्लॅक अँड डेकरनं विकत घेतलं होतं. त्याच कंपनीनं पुढे एमटीडीत हिस्सा घेतला आणि 2021 मध्ये उरलेली एमटीडीही ताब्यात घेतली. म्हणजे आज दुकानात जो लाल क्राफ्ट्समन उभा असतो तो आणि त्याच्या शेजारचा पिवळा कब कॅडेट एकाच घरचे. कब कॅडेटचा प्रवास तर याहून मौजेचा: 1961 मध्ये शेतीच्या ट्रॅक्टरांसाठी गाजलेल्या इंटरनॅशनल हार्वेस्टरनं तो काढला आणि 1981 मध्ये एमटीडीला विकून टाकला. ट्रॉय-बिल्ट आणि बोलेन्स ही नावं एमटीडीनं 2001 मध्ये उचलली, मूळ मालकाचं दिवाळं निघाल्यावर.

मरेचं उदाहरण लेखकांना जास्त उपयोगी पडलं असतं, पण ते त्यांना माहीत नसावं. मरे 2004 मध्ये खरोखरच दिवाळखोरीत गेली, आणि ती स्वतः बनवणारी कंपनी होती. तिची मालमत्ता 2005 मध्ये ब्रिग्ज अँड स्ट्रॅटननं घेतली. 2020 मध्ये ब्रिग्जवरही तीच पाळी आली आणि तिला एका गुंतवणूक कंपनीनं विकत घेतलं. एवढ्या उलथापालथीनंतर मरेच्या जुन्या यंत्राचं काय उरलं? पाती, पट्टे, पुल्या, बेअरिंगं अजून मिळतात. बॉनेट, डॅशबोर्ड, प्लॅस्टिकची झाकणं यांच्यापुढे मात्र यादीत ‘एनएलए’ अशी तीन अक्षरं दिसतात. आता मिळणार नाही असा त्यांचा अर्थ. एवढ्यापुरतं लेखकांचं खरं आहे, आणि ते मी कबूल करतो. पण गवत बॉनेटनं कापत नाहीत. जे झिजतं ते मिळतं आणि जे शोभेचं आहे ते मिळत नाही, अशी ही स्थिती आहे. झिजणाऱ्या भागांना गिऱ्हाईक कायम असतं, म्हणून ओरेगॉन, स्टेन्स, रोटरी यांसारख्या त्रयस्थ कंपन्या ते बनवत राहतात आणि मूळ नंबरासमोर आपला नंबर छापून मोकळ्या होतात. फुटलेलं बॉनेट मागणारा एखादाच. त्याच्यासाठी कुणी साचा सांभाळून ठेवत नाही.

आता नंबरांच्या घोळाचा आरोप. हेच ते अर्धं खरं वाक्य. घोळ आहे. अमेरिकन यार्ड प्रॉडक्ट्सच्या बऱ्याच 42 इंची डेकना जो पट्टा लागतो त्याचा नंबर पूर्वी 144959 असा सहा आकडी होता. हुस्कवार्नानं सगळी यादी एका पद्धतीत आणली तेव्हा त्याच्यापुढे 532 लागलं आणि तो 532144959 झाला. पट्टा तोच. एमटीडीकडे 754 नं सुरू होणारा पट्टा पुढे 954 नं सुरू होऊ लागला, पात्यांचा 742 चा 942 झाला. ज्याला हे ठाऊक नाही तो जुन्या पुस्तिकेतला नंबर घेऊन जातो, दुकानातल्या संगणकाला तो कळत नाही आणि हा माणूस हात हलवत परत येतो. याचा राग येणं साहजिक आहे. मलाही येतो. पट्ट्या कागदी चिकटवतात, त्यावर पेट्रोल सांडतं, ऊन लागतं, आणि पाच-सहा उन्हाळ्यांनंतर तिथं एक पांढरा चौकोन तेवढा उरतो, याचाही येतो. धातूच्या पट्टीवर ठोकून काढलेले आकडे कितीसे महाग पडले असते?

पण घोळ असणं वेगळं आणि फसवणूक असणं वेगळं. फसवायचं असतं तर जुना नंबर नव्यात कसा बदलला याची साखळी उघड ठेवलीच नसती. सुट्या भागांचा कुठलाही बरा विक्रेता जुना नंबर टाकला की ‘याऐवजी हा’ असं दाखवतो. नंबर वाचायला शिकणं हे काम आपलं आहे. एमटीडीचा नंबर पाहा: ट्रॉय-बिल्ट पोनीचा एक नंबर 13एएन77केजी011 असा आहे. सुरुवातीचे 13 म्हणजे लॉन ट्रॅक्टर. 31 असते तर बर्फ उडवायचं यंत्र. शेवटचे तीन आकडे हे यंत्र कोणत्या नावानं विकायचं ते सांगतात. मधल्या अक्षरांत चौकट, गिअर, इंजिन, डेक. एकदा डोळा बसला की हे वाचायला रेल्वेच्या तिकिटाहून अवघड नाही. मात्र सगळा नंबर टिपावा लागतो, शेवटच्या आकड्यापर्यंत. शून्य आहे की ओ, आठ आहे की बी, हे टॉर्च मारून बघावं लागतं. क्राफ्ट्समनच्या नंबरात शेवटचा आकडा बऱ्याचदा सुधारित आवृत्तीचा असतो, आणि आवृत्ती बदलली की एखादी पुली बदललेली असते. ‘जवळपास हाच आहे’ असं म्हणून शेवटचा आकडा गाळणाऱ्या माणसाला ती पुली हमखास आडवी येते.

जॉन डिअरची तऱ्हा निराळी. तिथं मॉडेलबरोबर अनुक्रमांकही लागतो. सुट्या भागांच्या यादीत एकाच मॉडेलच्या एकाच भागासमोर दोन नंबर असतात: अमुक अनुक्रमांकापर्यंत हा, तिथून पुढे तो. हिरवा रंग आणि बॉनेटवरचं मॉडेल पाहून मागवलेला भाग म्हणूनच कधी बसतो, कधी बसत नाही. लेखकांच्या मेहुण्यांना हा अनुभव आला असं ते सांगतात आणि त्यावरून डिअरच्या नावानं बोटं मोडतात. मेहुण्यांनी अनुक्रमांक पाहिला होता का, याबद्दल लेखात एक अक्षर नाही.

याच ओघात त्यांनी शेतकऱ्यांच्या ‘राइट टू रिपेअर’ चळवळीचा आधार घेतला आहे, आणि इथं मला त्यांना जरा स्पष्ट सांगावंसं वाटतं. तो लढा खरा आहे, महत्त्वाचा आहे. कोलोरॅडोनं 2023 मध्ये शेतीच्या यंत्रांसाठी तसा कायदा केला. जानेवारी 2025 मध्ये फेडरल ट्रेड कमिशननं इलिनॉय आणि मिनेसोटा या राज्यांना बरोबर घेऊन डिअरवर खटला भरला. पण तो वाद आहे शेतातल्या मोठ्या ट्रॅक्टरांचा आणि कापणीयंत्रांचा, ज्यांच्या संगणकातला बिघाड शोधायचं पूर्ण सॉफ्टवेअर कंपनी आपल्या डीलरांपुरतं ठेवते. 2005 च्या एलटी 1000 मध्ये संगणक नाही. त्यात एक इंजिन आहे, दोन पट्टे आहेत, दोन पाती आहेत आणि सीटखाली एक स्विच आहे. ते उघडायला पाना लागतो, पासवर्ड नाही. शेतकऱ्याचं गाऱ्हाणं उसनं आणून आपल्या आळसाला पांघरायचं, हे त्या शेतकऱ्यावरही अन्यायाचं आहे. वॉरंटीचीही भीती त्यांनी घातली आहे. 1975 च्या मॅग्नसन-मॉस कायद्यानुसार केवळ त्रयस्थ कंपनीचा भाग बसवला एवढ्या कारणावरून कंपनीला वॉरंटी नाकारता येत नाही. त्या भागामुळेच बिघाड झाला हे तिला दाखवावं लागतं. आणि आठ वर्षं जुन्या यंत्राला कसली वॉरंटी?

आता येतो तो सल्ला, ज्यामुळे मी मुळात लिहायला बसलो. जुना भाग हातात घेऊन दुकानात जा, त्याच्यासारखा दिसेल तो घ्या. लेखक त्यासाठी गावाकडच्या पिठाच्या गिरणीचा दाखला देतात: गिरणीवाला तुटका पट्टा खांद्यावर टाकून तालुक्याला जातो आणि तस्साच आणतो. छान चित्र आहे. पण तो गिरणीवाला पट्ट्याच्या पाठीवरचा नंबर वाचतो, ए की बी आणि पुढचा आकडा, हे लेखकांच्या नजरेतून सुटलं. गिरणीवालासुद्धा नंबरावरच चालतो.

इथल्या हार्डवेअर दुकानात साधारण अर्ध्या इंची पट्टे 4एल या नावानं मिळतात. 4एल 950 म्हणजे बाहेरून मोजलेली लांबी 95.0 इंच. कारखान्यात वापरायच्या ए जातीच्या पट्ट्यावर मात्र आतली लांबी लिहितात, आणि बाहेरची त्याहून सुमारे दोन इंच जास्त भरते. म्हणजे 95 इंच हवे म्हणून ए 95 उचलला तर तो 97 इंची निघतो; हवा असतो ए 93. वर सांगितलेला 144959 हा पट्टा साडेपंच्याण्णव इंची आहे. दुकानात 950 मिळेल, 960 मिळेल, नेमका मिळणार नाही. शिवाय तुम्ही हातात घेऊन गेलात तो जुना पट्टा. तो ताणला गेलेला असतो, कडा झिजून अरुंद झालेला असतो, आणि तुटला असेल तर टोकांचे धागे निघालेले असतात. त्याचं माप म्हणजे तो नवा असताना किती होता याचं नव्हे, मरताना किती होता याचं.

बरं, माप जुळलं असं धरू. तरीही तो पट्टा चालत नाही, कारण काम वेगळं आहे. 4एल पट्टा पंख्यासाठी, छोट्या पंपासाठी असतो. सतत ताणलेला, एका चालीनं फिरणारा. मोवरच्या डेकचा पट्टा सैल असतो, आणि तुम्ही लिव्हर ओढली की एक पुली त्याला दाबून ताणते, तेव्हा तो घसरत घसरत पकडतो. शिवाय वाटेत तो पाठीवरूनही वाकतो. म्हणून त्यात पॉलिस्टरऐवजी अरॅमिडचे धागे असतात, जे ताणले जात नाहीत, आणि वरचं आवरण घसरण सोसेल असं असतं. साधा पट्टा लावला तर तो एका मोसमात जळतो किंवा उलटतो. हे झालं नुसतं नुकसान. पट्टा इंचभर आखूड निघाला तर प्रकरण नुकसानीवर थांबत नाही. लिव्हर सोडली तरी आखूड पट्टा पुल्यांना धरून राहतो आणि पाती फिरतच राहतात. चालवणाऱ्याला वाटतं बंद झाली. तो गवत अडकलंय म्हणून डेकखाली हात घालतो. हा सल्ला छापण्याआधी संपादकांनी एखाद्या मेकॅनिकला वाचायला द्यायला हवा होता, एवढंच म्हणतो.

पात्यांचं तेच. 42 इंची डेकला साधारण 21 इंचांची दोन पाती लागतात, मग डेक हुस्कवार्नाचं असो की एमटीडीचं. लांबी सारखी, वळण सारखं, लांबून बघितलं तर जुळी भावंडं. मधलं भोक बघा: हुस्कवार्ना घराण्याच्या पात्याला पाच टोकांची चांदणी, एमटीडीच्या पात्याला सहा टोकांची. पाच टोकांच्या स्पिंडलवर सहा टोकांचं पातं बसत नाही. बसवणारे महाभाग कानशीनं घासून बसवतात. मिनिटाला तीन हजारांच्या आसपास फेरे घेणारं पोलादाचं पातं कानशीच्या भरवशावर सोडणाऱ्यांना मी दुरुस्त करणारे म्हणत नाही.

सगळंच नंबरावर अडतं असंही नाही, आणि लेखकांनी ही बाजू मांडली असती तर मी मान डोलावली असती. बॅटरी बहुतेक सगळ्यांना यू 1 नावाच्या एकाच मापाची चालते; फक्त धन टोक डावीकडे की उजवीकडे ते पाहायचं. स्टार्टरचा सोलेनॉइड, पेट्रोलची नळी, तिच्यातला फिल्टर, पुढच्या चाकांच्या ट्यूबा या वस्तू माप बघून आणल्या तरी बिघडत नाही. स्पार्क प्लगचा नंबर प्लगवरच असतो.

पण सीटखालची पट्टीच गेलेली असेल तर? लेखकांची होती, हे त्यांच्या लेखावरूनच कळतं, पण पुष्कळांची नसते, आणि तिथं ‘मिळत नाही’ म्हणून हात टेकणं मी समजू शकतो. समजू शकतो, मान्य करत नाही. ट्रॅक्टर एका कंपनीचा नसतो. चौकट एकाची, इंजिन दुसऱ्याचं, मागचा गिअरबॉक्स, ज्याला इथं ट्रान्सअ‍ॅक्सल म्हणतात, तिसऱ्याचा. प्रत्येकानं आपला नंबर वेगळा लावलेला असतो.

ब्रिग्जच्या इंजिनावर तो पत्र्यात ठोकून काढलेला असतो, पंख्याच्या आवरणावर किंवा व्हॉल्व्हच्या झाकणावर. धूळ आणि तेल पुसलं की वर येतो. उन्हानं उडत नाही. तीन गट असतात: मॉडेल, टाइप, कोड. 31सी707 हे मॉडेल घ्या. पहिले 31 म्हणजे इंजिनाचं आकारमान घन इंचांत, म्हणजे साधारण 500 सीसी. शेवटचा 7 म्हणजे बॅटरीनं सुरू होणारं आणि बॅटरी भरणारं इंजिन. टाइप नंबर सांगतो की हे इंजिन कोणत्या ट्रॅक्टरवाल्याच्या फर्माईशीनुसार जुळवलं. कार्बुरेटर मागवताना तो नसेल तर नुसतं मॉडेल पुरत नाही. कोडचे पहिले सहा आकडे तर सरळ जन्मतारीख: 030512 नं सुरू होत असेल तर 12 मे 2003. ट्रॅक्टर त्यानंतर जुळवला गेला, बहुधा थोड्याच महिन्यांत. झालं, साल कळलं. कोहलरच्या इंजिनावर मॉडेलच्या जोडीला ‘स्पेक’ नंबर असतो, आणि भाग मागवायला तोच चालतो.

ट्रान्सअ‍ॅक्सलवर टेनेसीतल्या टफ टॉर्कचं किंवा इलिनॉयमधल्या हायड्रो-गिअरचं लेबल असतं, चिखलाखाली गाडलेलं. पात्याच्या चांदणीची टोकं मोजली की डेक कुणाचं ते कळतं. पुलीच्या मागे, प्लॅस्टिकच्या भागांच्या आतल्या बाजूला ओतताना उमटलेले आकडे असतात: नुसते सहा असतील तर अमेरिकन यार्ड प्रॉडक्ट्सकडे बघावं, 7 नं सुरू होणारे तीन आकडे, आडवी रेघ आणि मग पुढचे आकडे असतील तर एमटीडीकडे. पट्टी नसलेल्या यंत्राचं साल, घराणं आणि डेकचं माप एवढं कळलं की त्या घराण्याची त्या सालातली मॉडेलं मोजकीच उरतात. मग आकृत्या समोर ठेवून लिव्हर कुठल्या बाजूला, पुल्या किती, हे जुळवत बसायचं. वेळ जातो. पण ‘अशक्य’ हा शब्द लेखकांनी ज्या सहजतेनं वापरला आहे, त्याला इथं जागा नाही.

राहिला पैशाचा मुद्दा. नवा ट्रॅक्टर दोन हजार डॉलरच्या वर, डेकचा मूळ कंपनीचा पट्टा त्याच्या पन्नासाव्या भागाच्या आसपास. यात हिशेब करण्यासारखं फार नाही. जिथं करण्यासारखा आहे तिथं लेखक गेलेच नाहीत. टफ टॉर्कचा के 46 हा ट्रान्सअ‍ॅक्सल डिअरच्या स्वस्त मालिकेपासून क्राफ्ट्समनपर्यंत अनेकांत आहे. तो बंद डब्यासारखा असतो, तेल बदलायला खाली बूचसुद्धा नसतं. चढाच्या अंगणात तो काही वर्षांनी दमतो, चढावर यंत्र जागचं हलत नाही. नवा घ्यायला गेलं तर जुन्या ट्रॅक्टरच्या किमतीएवढा पडतो. इंजिनाचा कनेक्टिंग रॉड तुटून ब्लॉकला भोक पडलं असेल, किंवा चौकटच पुढच्या धुरीपाशी तडकली असेल, तर मीही म्हणेन, सोडून द्या. त्यांच्या ट्रॅक्टरला यातलं काहीही झालं नव्हतं. पट्टा तुटला होता.

लेखाच्या शेवटी ते सांगतात की त्यांनी तो ट्रॅक्टर शंभर डॉलरला एका पिकअपवाल्याला देऊन टाकला, आणि त्या माणसाच्या विक्षिप्तपणाची थोडी गंमतही करतात: त्यानं म्हणे इंजिन सुरू करून पाहिलं नाही, टायर दाबून पाहिले नाहीत, सीट उचलली, फोननं एक फोटो काढला, फोनमध्ये मिनिटभर काहीतरी बघितलं आणि घासाघीस न करता पैसे काढून दिले. लेखकांना यात अमेरिकन वेडेपणा दिसला. मला वाटतं, त्यांच्या संपूर्ण लेखात दुरुस्तीची माहिती देणारं तेवढंच एक वाक्य आहे, आणि पुढच्या शनिवारी तो माणूस त्याच ट्रॅक्टरवर बसून गवत कापत असणार.